स्वतःची चूक आठवली की दुसऱ्याची चूक माफ करणे सोपे का जाते

दुसऱ्याच्या चुका पोटात घालाव्यात, कारण चुका आपल्या हातूनही होतात, हा उपदेश लहानपणापासून आपल्या कानांवर पडत आलेला असतो. तो खराही आहे. तरीही ज्या दिवशी कुणी आपल्याला खरोखर दुखावते, त्या दिवशी त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. 'माणूस आहे, चुकायचाच' असे आपण तोंडाने म्हणतो आणि मनातली अढी जशीच्या तशी राहते. याचा दोष आपल्या मनाच्या कोतेपणाला देण्याची घाई करू नये. 'माणसे चुकतात' ही एक माहिती आहे, आणि 'अमुक दिवशी मी अमुक माणसाशी असे वागलो' ही एक आठवण आहे. क्षमेच्या कामी येते ती आठवण. माहिती सहसा येत नाही. असे का होते, ती आठवण मनात नेमके काय बदलते आणि कोणत्या ठिकाणी तिचा आधार घेणे धोक्याचे आहे, हे गेल्या काही दशकांतील मानसशास्त्राच्या अभ्यासातून बरेचसे स्पष्ट झाले आहे. जैन परंपरेने तर फार पूर्वीच त्याची एक शिस्तबद्ध रीत बसवून ठेवली आहे.

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. आई रुग्णालयात आहे, रात्रीचे अकरा वाजून गेले आहेत, डॉक्टरांनी एका कागदावर सही मागितली आहे आणि मोठी बहीण धाकट्या भावाला फोन लावते आहे. फोन वाजत राहतो. तो उचलत नाही. सकाळी तो येतो आणि म्हणतो, "ताई, झोप लागली होती गं." पुढे आई बरी होऊन घरी येते, पण बहिणीच्या मनातून ती रात्र जात नाही. भाऊबीजेला भाऊ ओवाळणी घालतो तेव्हाही ती तिथे असते, आणि वर्षभराने घराच्या वाटणीचा विषय निघतो तेव्हा तर सर्वांत आधी तीच आठवते. बहिणीच्या लेखी ही एका रात्रीची गोष्ट उरलेलीच नसते. 'हा पहिल्यापासून असाच, वेळेला कधी उभा राहायचा नाही' या दीर्घ हकिकतीतले ते एक प्रकरण झालेले असते. भावाला विचारले तर तो वेगळेच सांगेल. आधीच्या तीन रात्री आईच्या उशाशी तोच बसला होता, त्या संध्याकाळी घरी जाऊन पाठ टेकली, डोळा लागला, सकाळी कळताच तो धावत आला, चुकले असे म्हणालाही. त्याच्या दृष्टीने विषय तिथेच मिटला आहे, आणि ताई अजून तुटक का वागते हे त्याला कळत नाही.

या दोघांपैकी कुणीही खोटे बोलत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉय बॉमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये नेमक्या अशाच हकिकती गोळा केल्या. त्यांची युक्ती साधी, पण फार बोलकी होती. त्यांनी एकाच माणसाकडून दोन गोष्टी लिहवून घेतल्या: एक, कुणीतरी आपल्याला संताप आणला त्याची, आणि दुसरी, आपण कुणाला संताप आणला त्याची. दोन्ही गोष्टी त्याच हाताने लिहिलेल्या, तरी त्यांची घडण निराळी होती. जिथे लिहिणारा स्वतः दुखावला गेला होता, तिथे समोरच्याचे वागणे विनाकारण, अनाकलनीय, कधी मुद्दाम केलेले वाटत होते आणि त्याचे परिणाम आजवर चालू होते. जिथे लिहिणाऱ्याने दुसऱ्याला दुखावले होते, तिथे तीच माणसे कारणे देत होती, परिस्थिती सांगत होती आणि 'आता ते सारे मागे पडले आहे' अशा सुरात गोष्ट संपवत होती. यातून एक गोष्ट लख्ख दिसते. जगात दुखावणारे आणि दुखावले जाणारे असे माणसांचे दोन वर्ग नाहीत. एकच माणूस बसण्याची जागा बदलली की निराळी हकिकत सांगतो.

पुढे १९९७ मध्ये आर्लीन स्टिलवेल आणि बॉमाइस्टर यांनी आणखी एक प्रश्न विचारला: या दोन हकिकतींपैकी खरी कोणती? त्यांनी सर्वांना एकच गोष्ट वाचायला दिली. एका विद्यार्थ्याने दुसऱ्याला अभ्यासात मदत करण्याचे कबूल केले आणि ते पाळले नाही, अशी ती गोष्ट होती. मग काहींना ती चुकणाऱ्याच्या तोंडून, काहींना दुखावलेल्याच्या तोंडून आणि काहींना तिऱ्हाइताच्या नात्याने पुन्हा सांगायला लावली. मूळ गोष्ट समोर असल्यामुळे कोणी काय गाळले आणि काय घुसडले हे ताडून पाहता आले. चुकणाऱ्याची बाजू घेणाऱ्यांनी सत्याची मोडतोड केली, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. दुखावलेल्याची बाजू घेणाऱ्यांनीही जवळजवळ तितकीच केली, हे मात्र थांबून विचार करण्याजोगे आहे. आपल्यावर अन्याय झालेला असला म्हणून आपली आठवण निर्दोष ठरत नाही. हे वाक्य कठोर वाटेल, पण ज्याला खरोखर क्षमा करायची आहे त्याला ते टाळून पुढे जाता येत नाही.

ही तफावत पडते कशामुळे, हा पुढचा प्रश्न. स्वतःकडे पाहताना आपल्याला आपला हेतू दिसतो, थकवा दिसतो, त्या दिवशी डोक्यावर असलेले ओझे दिसते. दुसऱ्याकडे पाहताना यातले काहीच दिसत नाही, दिसते ती फक्त कृती. आणि कृतीमागचे कारण म्हणून हाताशी असते ती एकच गोष्ट, त्याचा स्वभाव. 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे' ही म्हण आपण पक्षपातावर बोट ठेवण्यासाठी वापरतो. पण बाब्याच्या आतले आपल्याला दिसते आणि कार्ट्याच्या आतले दिसत नाही, हेही तिच्या मुळाशी आहे. परिस्थितीचा वाटा विसरून सारा दोष स्वभावावर टाकण्याच्या या खोडीला ली रॉस यांनी १९७७ मध्ये 'मूलभूत आरोपण-दोष' या अर्थाचे नाव दिले, आणि ते मानसशास्त्रात रूढ झाले. पुढे बर्ट्राम माले यांनी २००६ मध्ये १७३ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा या चित्राला एक महत्त्वाची मर्यादा पडली. स्वतःसाठी परिस्थिती आणि दुसऱ्यासाठी स्वभाव असा भेद आपण सरसकट करतो असे म्हणण्याजोगा पुरावा त्यांना सापडला नाही. सरासरी काढली तर फरक जवळजवळ शून्य होता. मात्र घटना वाईट असेल, म्हणजे चूक, अपयश किंवा अपराध यांच्याबद्दल बोलणे चालले असेल, तर तो भेद दिसत होता. म्हणजे इतर बाबतींत आपण बऱ्यापैकी न्यायी असतो आणि नेमके दोषाच्या बाबतीत आपले माप बदलते.

परिस्थितीचा वाटा किती मोठा असू शकतो याची कल्पना यावी म्हणून जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांचा १९७३ मधला प्रयोग पाहण्यासारखा आहे. प्रिन्स्टन येथे धर्मोपदेशक होण्याचे शिक्षण घेणारे ४० विद्यार्थी त्यात होते. त्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटे भाषण करायचे होते. त्यांतल्या निम्म्यांचा विषय तर बायबलमधील त्या दयाळू शोमरोनी वाटसरूचा होता, जो रस्त्यात जखमी पडलेल्या परक्या माणसासाठी थांबला. वाटेतल्या गल्लीत एक माणूस दाराशी खाली मान घालून खोकत, कण्हत बसवलेला होता. ज्यांना 'भरपूर वेळ आहे' असे सांगितले होते त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. 'उशीर झाला आहे, लवकर जा' असे ज्यांना सांगितले होते त्यांच्यापैकी १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने फारसा फरक पडला नाही. न थांबलेली ती मुले निर्दय होती असे म्हणणे फार सोपे आहे, आणि ते बहुधा चुकीचेही आहे. त्यांना घाई होती. आपणही घाईत असताना किती जणांना ओलांडून गेलो आहोत, याची यादी कुणाकडेच नसते.

आता मूळ मुद्द्याकडे येता येईल. दुसऱ्याच्या चुकीच्या हकिकतीत आतली बाजू कोरी असते. आणि जिची आतली बाजू आपल्याला ठाऊक आहे अशी चूक जगात एकच, ती म्हणजे आपली. तशाच जातीची आपली चूक आठवली, तर त्या कोऱ्या जागी काय असू शकेल याचा अंदाज येतो. ज्युली एक्सलाइन, बॉमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सात अभ्यासांच्या मालिकेचा विषय हाच होता. 'माझ्या हातूनही असे घडू शकले असते' असे ज्यांना मनापासून वाटत होते, ती माणसे दुखावणाऱ्याविषयी कमी कडवट होती. हे घडण्याचे तीन मार्ग त्यांना दिसले: अपराध थोडा कमी भयंकर वाटू लागतो, चुकणाऱ्याच्या मनात काय चालले असेल ते उमजू लागते, आणि तो आपल्यासारखाच आहे ही जाणीव होते. हा संबंध स्त्रियांपेक्षा पुरुषांमध्ये अधिक ठळक होता, ही नोंदही त्या अभ्यासात आहे. मला या तिन्हींमध्ये दुसरा मार्ग सर्वांत मोलाचा वाटतो. पहिल्यात अपराधाचे वजन कमी होते, आणि ते नेहमीच योग्य असेल असे नाही. दुसऱ्यात अपराध तितकाच राहतो, पण त्याच्यामागचा माणूस दिसू लागतो.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते त्या बहिणीच्याच बाबतीत पाहता येईल. 'माझ्याही चुका झाल्या आहेत' एवढे म्हणून तिला काही हाती लागणार नाही, कारण त्यात कोणतीच चूक नाही. तिने भावाच्या वागण्याची जात ओळखायला हवी: मदतीची हाक आली आणि ती घेतली गेली नाही. आता या जातीचे आपल्या आयुष्यात काय आहे? कदाचित तिला आठवेल की एका मैत्रिणीचा नवरा वारल्यावर त्या मैत्रिणीचे रोज रात्री फोन येत असत. ती तासभर ऐकून घ्यायची. एका रात्री ओट्याशी भांडी आवरताना पडद्यावर ते नाव दिसले आणि तिने फोन पालथा ठेवला. तो थरथरत ओट्यावर थोडा सरकला, मग थांबला. मैत्रिणीबद्दल तिच्या मनात तेव्हा राग नव्हता, तुच्छता नव्हती. त्या रात्री आणखी काही ऐकण्याची ताकद नव्हती, इतकेच. दुसऱ्या दिवशी 'लवकर झोपले होते गं' असे ती सहज बोलून गेली होती. ही आठवण एकदा पुरती समोर आली, की भावाचे 'झोप लागली होती' हे शब्द कानाला वेगळे लागतात. त्याने फोन उचलायला हवा होता हे तेवढेच खरे राहते. मात्र 'त्याला आईची पर्वा नाही' हा निष्कर्ष त्या एका रात्रीवरून काढता येत नाही, हे तिला आता स्वतःच्या अनुभवावरून ठाऊक असते.

आठवण इतकी नेमकी असावी लागते, ही गोष्ट जैन प्रतिक्रमणात, म्हणजे स्वतःच्या चुकांच्या नेमाने होणाऱ्या उजळणीत, ज्या बारकाईने सांभाळली आहे तशी ती मी अन्यत्र पाहिलेली नाही. महाराष्ट्रात गणपतीचे दिवस आणि जैनांची पर्वे हातात हात घालून येतात. श्वेतांबरांचे आठ दिवसांचे पर्युषण संवत्सरीला संपते, जी संप्रदायानुसार भाद्रपद शुद्ध चतुर्थीला किंवा पंचमीला येते, म्हणजे आपल्या गणेश चतुर्थीच्या किंवा ऋषिपंचमीच्या सुमारास. दिगंबरांचे दशलक्षण पर्व पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत दहा दिवस चालते. कोल्हापूर-सांगली भागातल्या शेतकरी जैन घरांतून ते मोठ्या निष्ठेने पाळले जाते. या दिवसांत आचरायच्या दहा धर्मांपैकी पहिला मान उत्तम क्षमेचा आहे, आणि पर्व संपल्यावर क्षमावाणीचा दिवस येतो. बाहेरच्यांना यातले 'मिच्छामि दुक्कडम्' एवढेच परिचयाचे असते, माझे दुष्कृत्य निष्फळ होवो अशा अर्थाचे. त्याच्या आधी काय घडते हे फारसे माहीत नसते, आणि खरे काम तिथे झालेले असते.

प्रतिक्रमण म्हणजे केलेल्या अतिक्रमणापासून मागे फिरणे. ते दिवसाचे, रात्रीचे, पंधरवड्याचे, चार महिन्यांचे आणि वर्षाचे असे पाच प्रकारचे असते. त्यामुळे वर्षाची बाकी एकदम काढण्याची वेळ येत नाही, निदान येऊ नये अशी योजना आहे. गृहस्थाच्या प्रत्येक व्रताला कोणकोणत्या प्रकारे बट्टा लागतो त्यांची नावे घेऊन उजळणी केली जाते. त्यांना अतिचार म्हणतात. अहिंसेचे अतिचार पाहा: करकचून बांधणे, मारणे, अवयव कापणे, ताकदीबाहेर ओझे लादणे, अन्नपाणी तोडणे. सत्याचे: विचार न करता आळ घेणे, गुपित फोडणे, जोडीदाराने विश्वासाने सांगितलेले बाहेर सांगणे, खोटा सल्ला देणे, खोटा दस्त करणे. अचौर्याचे: चोरीचा माल घेणे, चोराला हातभार लावणे, राज्याचे नियम मोडून व्यापार करणे, खोटी वजने-मापे वापरणे, चांगल्या मालात हलका माल मिसळणे. या यादीत कुठेही 'मी पापी आहे' असे मोघम काही नाही. दुकानदाराने ती म्हटली तर त्याचा हात आपोआप तराजूकडे जावा, बैल राखणाऱ्याने म्हटली तर त्याला भरलेली गाडी आठवावी, आणि घरातल्या कुणीही म्हटली तर परवा शेजारी बसून कोणाचे कोणते गुपित सांगितले ते आठवावे, अशी ती रचना आहे. ज्या अठरा पापस्थानांची आलोचना, म्हणजे कबुली, केली जाते, त्यांत 'परपरिवाद' म्हणजे दुसऱ्याची निंदा हेही एक आहे; दुसऱ्याचे दोष चघळत बसणे हाच आपला एक दोष म्हणून नोंदला जातो.

ही उजळणी झाल्यावर, प्रतिक्रमणात म्हटल्या जाणाऱ्या सूत्राच्या अगदी शेवटाकडे ती प्रसिद्ध गाथा येते: 'खामेमि सव्वजीवे, सव्वे जीवा खमंतु मे, मित्ती मे सव्वभूएसु, वेरं मज्झ न केणइ.' मी सर्व जीवांना क्षमा करतो, सर्व जीव मला क्षमा करोत. माझी सर्वांशी मैत्री आहे, कोणाशीही वैर नाही. या ओळींचा क्रम लक्षपूर्वक पाहावा. आधी स्वतःच्या चुकांची नावानिशी आठवण, मग दुसऱ्यांना क्षमा, आणि त्यानंतर स्वतःसाठी क्षमेची याचना. क्षमा करणारा उंच आसनावरून दान देत नाही. नुकतीच स्वतःची खतावणी तपासून तो उठलेला असतो. हल्ली संवत्सरीच्या दिवशी एकच मजकूर फोनवरून शेकडो जणांना जातो, त्यात ज्याच्याशी वर्षभर अबोला आहे त्याचेही नाव कुठेतरी असते. मला वाटते, त्या एका माणसाकडे चालत जाऊन 'वैशाखात मी तुला चारचौघांत बोललो, ते माझे चुकले' असे म्हणण्यात या पर्वाचे जे सामर्थ्य आहे ते त्या सामुदायिक संदेशात उतरत नाही. कारण त्यात पुन्हा कोणतीच चूक नाही.

ही आठवण करताना माणूस काही ठिकाणी हमखास घसरतो. त्यातले सर्वांत नेहमीचे म्हणजे तुलना. 'मी चुकले, पण माझी मैत्रीण होती. इथे तर सख्खी आई होती' असे मनात येते आणि आठवणीचा सारा उपयोग संपतो, कारण ती आता आपल्याच बाजूचा पुरावा झालेली असते. चुकांचे आकार मोजायला बसले तर आपली चूक नेहमी लहानच भरते. म्हणून पाहायची ती जात, आकार नाही. दुसरी घसरण याच्या उलट दिशेची आणि अधिक दुःखदायक आहे. काही माणसे स्वतःची चूक आठवता आठवता 'मी माणूस म्हणूनच वाईट आहे' इथवर जाऊन पोहोचतात. जून टँगनी यांनी अनेक वर्षे केलेल्या अभ्यासातून दिसते, की 'मी वाईट वागलो' ही अपराधभावना आणि 'मी वाईट आहे' ही लाज यांची फळे वेगळी असतात. पहिलीचा कल दुसऱ्याचे दुःख समजून घेण्याकडे असतो. दुसरी मनात घर करून बसलेली माणसे उलट अधिक चिडखोर होतात आणि दोष दुसऱ्यावर ढकलतात, कारण ती वेदना फार काळ सोसवत नाही. तेव्हा स्वतःला झोडपून काढण्याने क्षमाशीलता वाढते हा समज सोडून द्यायला हवा.

न्यायनिवाड्याच्या जागी बसलेल्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात, आज वादी अल नत्रून म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्केटिस येथे, ख्रिस्ती तपस्वी राहत. त्यांतले मोझेस हे पूर्वायुष्यात दरोडेखोर होते. एकदा एका तपस्व्याच्या हातून काही अपराध घडला आणि त्याचा निवाडा करायला सारे जमले. मोझेस जाईनात. बोलावणे पाठवल्यावर ते गळका घडा पाण्याने भरून, तो सोबत घेऊन आले. हे काय, असे विचारताच ते म्हणाले की माझी पापे माझ्यामागे गळत चालली आहेत, मला ती दिसत नाहीत, आणि आज मी दुसऱ्याच्या चुकीचा न्याय करायला निघालो आहे. जमलेल्यांनी त्या तपस्व्याला काही न बोलता क्षमा केली. ही कथा सांगताना एक गोष्ट बहुतेक वेळा सुटते: मोझेस यांनी बोल लावला तो न्याय करायला बसलेल्यांना, आणि त्यातही स्वतःचेच उदाहरण देऊन. कुणा दुखावलेल्या माणसाला 'तूही पापीच आहेस, तेव्हा गप्प बस' असे त्यांनी म्हटलेले नाही.

आजच्या काळात हाच विचार विमानवाहतुकीने नियमाच्या रूपात आणला, आणि त्यामागे एक दुर्घटना आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए कंपनीचे ५१४ क्रमांकाचे विमान वॉशिंग्टनजवळ उतरताना डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्व ९२ जण मरण पावले. उतरण्याच्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी चुकीचा घेतला होता. चौकशीत असे निघाले की सुमारे सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचे वैमानिक तिथेच, त्याच गैरसमजातून थोडक्यात वाचले होते. त्यांनी आपल्या कंपनीत ते सांगितले, पण ते इतरांपर्यंत पोहोचले नव्हते. १९७६ मध्ये अमेरिकेत वैमानिकांना स्वतःच्या चुका निर्धास्तपणे कळवता याव्यात म्हणून नासामार्फत एक व्यवस्था सुरू झाली. मानवी चुकांचे अभ्यासक जेम्स रीझन यांनी पुढे पुरस्कारलेली एक कसोटीही इथे सांगण्याजोगी आहे: चुकलेल्याच्या जागी तितक्याच कौशल्याचा दुसरा माणूस, त्याच परिस्थितीत, ठेवला तर तो वेगळा वागला असता का? हे त्याच्या बरोबरीच्या सहकाऱ्यांना विचारावे. ते प्रामाणिकपणे 'नाही' म्हणाले, तर एकट्याला शिक्षा करून काही साधणार नाही. कार्यालयात हाताखालच्या माणसाच्या चुकीवर बोलण्यापूर्वी ही कसोटी लावून पाहण्याने बरेच अन्याय टळतील असे मला मनापासून वाटते.

इथवर जे लिहिले ते कुठे लागू होत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. ज्या घरात रोज मारहाण होते, तिथल्या स्त्रीला 'तुझेही काही चुकत असेल, आठवून बघ' असे सांगणे हा क्षमेचा उपदेश नव्हे. तो मारणाऱ्याच्या हाती दिलेला आणखी एक दांडा आहे. जेम्स मॅक्नल्टी यांनी नवविवाहित जोडप्यांचा पहिली चार वर्षे मागोवा घेतला आणि २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. जी व्यक्ती सहज क्षमा करत असे, तिच्या जोडीदाराचे मानसिक आणि शारीरिक आक्रमक वागणे तसेच चालू राहिले. जी कमी क्षमा करत असे, तिच्या जोडीदाराचे ते कालांतराने कमी झाले. लॉरा लुकीस आणि सहकाऱ्यांच्या २०१० मधील अभ्यासातही असेच दिसले, की चुकणाऱ्याने भरपाईचा प्रयत्न केला असेल तरच क्षमा केल्याने माणसाचा स्वतःबद्दलचा आदर वाढतो. तसे न करता नुसती क्षमा करत राहिले तर तो झिजतो. म्हणून क्षमा आणि मोकळीक या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. उसने घेतलेले पैसे बुडवणाऱ्या मित्राबद्दलची कडवट भावना सोडून देता येते आणि त्याला पुन्हा पैसे न देण्याचे ठरवताही येते. शिवाय स्वतःची चूक आठवण्याचे हे काम ज्याचे त्यानेच, आपणहून करायचे असते. चुकणाऱ्याने स्वतः उठून 'तू कधी चुकली नाहीस का?' असे विचारले, तर तो या विचाराचा गैरवापर आहे, आणि त्याला उत्तर देण्याचे बंधन दुखावलेल्या व्यक्तीवर नाही.

राहता राहिले ते अपराध, ज्यांच्या जातीचे आपल्या आयुष्यात काहीच सापडत नाही. ज्याच्या घरातले माणूस मारले गेले त्याने स्वतःची कोणती चूक आठवावी? या प्रश्नावर एव्हरेट वर्दिंग्टन यांचा अनुभव विचारात घ्यावा लागतो. हे मानसशास्त्रज्ञ आयुष्यभर क्षमेचाच अभ्यास करत आलेले. १९९६ च्या नववर्षाच्या पहाटे टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल येथे त्यांच्या वृद्ध आईचा घरफोडीच्या वेळी खून झाला. वर्दिंग्टन यांनीच सांगितल्याप्रमाणे, भावंडांशी बोलताना त्यांची नजर भिंतीशी टेकलेल्या बेसबॉलच्या बॅटकडे गेली आणि ते म्हणाले की तो माणूस इथे असता तर मी त्याचा मेंदू बाहेर काढला असता. त्या रात्री झोप न आल्याने, इतरांना शिकवलेली क्षमेची पायरी पायरीने जाणारी पद्धत त्यांनी स्वतःवर लावून पाहिली. घरात कुणी नाही असे समजून शिरलेला आणि अचानक समोर आलेल्या बाईला पाहून घाबरलेला तरुण त्यांनी डोळ्यांपुढे आणला. मग त्यांना ती बॅट आठवली. घाबरून केलेल्या त्या खुनापेक्षा, शांतपणे ठरवून मारून टाकण्याची स्वतःला झालेली इच्छा त्यांना अधिक काळी वाटली, आणि तिथून त्यांची क्षमा सुरू झाली. त्यांनी कुणाचा जीव घेतला नव्हता. त्यांना आठवली ती केलेली चूक नव्हती, करण्याची स्वतःतली शक्यता होती. एक्सलाइन यांच्या अभ्यासातला 'माझ्या हातूनही घडू शकले असते' हा भाव तो हाच. तो त्यांना सुचला कारण तो त्यांनी स्वतः शोधला. त्याच रात्री बाहेरच्या कुणी येऊन तेच शब्द त्यांना ऐकवले असते, तर त्या ऐकवणाऱ्याला त्यांनी घराबाहेर काढले असते तरी ते योग्यच ठरले असते.